उजवीकडची पट्टी

बॅलार्ड इस्टेटच्या तिसऱ्या मजल्यावर
माझ्या स्क्रीनच्या उजव्या कडेला
आता एक अरुंद पट्टी असते, सतत जागी.
मी 'जहाज' लिहिलं की ती
बुडालेल्या मालाचे जुने दावे काढून ठेवते,
'ओलसर' लिहिलं की कांडल्याच्या साखरेची फाइल.
मागितलेलं नसतं,
पण लागणार असतं.

तुळसकर असेच होते, रेकॉर्डरूममधले.
साहेब कितव्या पायरीवर दम खायला थांबले
यावरून कुठला गठ्ठा सोडायचा ते त्यांना कळे.
साहेब खुर्चीत टेकेपर्यंत फाइल टेबलावर,
लाल फीत सैल केलेली,
नेमक्या पानात बेस्टचं तिकीट.
"कसं कळतं हो?"
"बघत असतो, बाई. दुसरं काय काम आहे?"

पट्टीही बघत असते.
काय खोडलं, कुठे थबकले,
कुठला शब्द तीनदा लिहून पुसला.

काल अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहायला घेतला.
'सविनय' एवढंच झालं होतं,
तर तिने सहा अर्ज मांडले ओळीने,
सहा वर्षांचे. सगळे एकोणीस नोव्हेंबरचे.
दाताचा डॉक्टर, गॅस सिलिंडर, बँक,
पुन्हा दात, भाचीची शाळा, पुन्हा दात.
आणि खाली, अदबीनं :
कारण सुचवू का?

मला वाटायचं मी शिवडीला सहज जाते,
जमेल तेव्हा,
त्या चाळीसमोरून नुसती चालत, वर न बघता.
तारखेचं मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

तुळसकरांना ठाऊक असणार.
त्या वर्षी एका दाव्यात
खलाशांच्या यादीत एक नाव होतं.
साहेबांनी तीनदा फाइल मागितली.
तुळसकर म्हणाले, सापडत नाही.
एकतीस वर्षांत पहिल्यांदा.
मेमो घेतला, सही केली, चहा प्यायले.
मी गावाहून परतले तोवर
दावा दुसऱ्याच टेबलावरून निकाली निघून
फाइल सगळ्यात वरच्या फळीवर गेली होती,
जिथे माझा हात पोचत नाही.

ती कागदाचीच राहिली.
पट्टीने वाचलेली नाही.

'सविनय'पुढे कर्सर मिचमिचतोय.
मी लिहिते : दात.
तिने लगेच दवाखान्याचा नंबर काढून दिला,
आज सातपर्यंत उघडा आहे म्हणाली.