दहा ते सहा

पास काढताना खिडकीतल्या मुलीला मी तीनदा विचारलं,
वर्ष म्हणजे नक्की कुठून कुठपर्यंत.
ती म्हणाली, आजपासून मॅडम. आज धरून.
पतसंस्थेत सोळा वर्षं काढलेल्या बाईला
'आज धरून'चा अर्थ कळतो.

मोठ्यांचा चोपन्नशे, मुलांचा एकोणचाळीसशे.
दोघांचे मिळून नऊ हजार तीनशे.
सुटी तिकिटं काढली तर खेपेला एकोणीसशे पन्नास,
म्हणजे पाचव्या खेपेला पैसे वसूल.
भागवतबाई म्हणाल्या, अगं, पाच वेळा कोण जातं तिथे?
त्यांचा धंदाच मुळी न येणाऱ्यांवर चालतो.
मी म्हटलं, आम्ही जाणार. चोवीस वेळा.
पहिला आणि तिसरा रविवार, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा.
शिवाजीनगरच्या कोर्टाचा शिक्का आहे त्यावर.

पार्कही दहाला उघडतं, सहाला मिटतं.
इतका चोख ताळा मला नोकरीतसुद्धा क्वचित जमला.

पासच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरांत:
दिवाळीत, नाताळात, मे महिन्यात हा पास चालणार नाही.
हुकुमातही साधारण हेच होतं.
चार रविवार वजा. उरले वीस.
वीसने भागलं, चारशे पासष्ट.
कात्रजच्या बोगद्यातून स्कूटरने जायचं,
दुचाकीला टोल नाही, तेही मी जमेला धरलं.

गेटवर पाटी:
'बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ नयेत.
पिशवी तपासली जाईल. रागावू नये.'
गूळपोळ्या रेनकोटच्या घडीतून आत गेल्या.

ऑगस्टमध्ये पाचवी खेप.
मी कणीस घेऊन दिलं, म्हटलं, ओजस, आजपासून आपण नफ्यात.
तो आकाशपाळण्याच्या इरफानकडे बघत राहिला.
म्हणजे या काकांना तोटा?

नोव्हेंबरपर्यंत त्याला सगळं पाठ.
कुठल्या घसरगुंडीवर पाणी कमी येतं,
कुठल्या पाळण्यातून सिंहगडचा टॉवर दिसतो.
मग तो दप्तर आणायला लागला.
हिरव्या प्लॅस्टिकच्या डायनासोरखाली बसून
आम्ही अपूर्णांक केले.
लोक पैसे देऊन किंचाळत होते,
आम्ही छेद समान करत होतो.

पासवरच्या फोटोत त्याला पुढचे दोन दात नाहीत.
मार्चमध्ये गेटवरचा माणूस म्हणाला, हा तोच का?
मी म्हटलं, हो. तोच.
जरा जोरातच म्हटलं बहुतेक.
त्या दिवशी उंचीच्या पट्टीवर
त्याचं डोकं लाल रेघेच्या वर गेलं.
पुढच्या वर्षी तो मोठ्यांच्या दरात.
मोबाईलवर निरोप येऊन पडला होता:
मुदतीआधी नूतनीकरण केल्यास पंधरा टक्के सूट.
मी बोटांवर चालू केलंच होतं.

एप्रिलचा पहिला रविवार. हेल्मेट हातात, किल्ली लावलेली.
आई, आज नको.
बरं वाटत नाहीये का?
वाटतंय. तुझ्या घरी जाऊया ना.

माझं घर म्हणजे धनकवडीत एक खोली,
एक गादी, एक खुर्ची, कपाट नीट लागत नाही.
तिथे मुलाला दाखवण्यासारखं काही नाही
हे मी वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं.
नऊ हजार तीनशे मी कशाचे भरले
हे भागवतबाईंना तरी कसं सांगणार?

त्याने कपाटाचं दार दोनदा उघडून बघितलं,
फोडणीचा भात खाल्ला, पंख्याखाली आडवा झाला
आणि दीडला झोपला, तोंड उघडं टाकून.
मी खुर्चीवर. पास पर्समध्ये.
अठराच खेपा झाल्या, दोन बुडणार.
अठराने भागलं:
पाचशे सोळा रुपये सदुसष्ट पैसे.
महाग पडला.

पाचला उठवायला हवं होतं.
सव्वापाच झाले.