तिसरी पट्टी

ईराप्पा कामकरांच्या मोराला डोळा नव्हता.
गेल्या साडीत चोच गेली होती,
त्याआधी वेलीचं एक पान.
त्यांनी माग खोलला, हूक मोजले,
पुठ्ठ्यांची भोकं उजेडात धरून बघितली.
मग कंप्युटरची पेटी स्कूटरवर पायांत धरून
वडगावातून खासबागेत, माझ्या दुकानी.
‘बघ की तंगी, ह्याला काय झालंय.
माग माझा शहाणा हाय.’

मी आधी डिस्कवर आळ घेतला,
मग पॉवर सप्लायवर.
दोघंही सुटले.
उरल्या रॅमच्या चार पट्ट्या,
एकीसारखी एक, हिरव्या, गप्प.

रात्री तपासणी लावून घरी गेले.
लिही एक. काय लिहिलंस? एक.
लिही शून्य. काय लिहिलंस? शून्य.
कोट्यवधी घरं, प्रत्येक दारात हाच प्रश्न.
पहाटे चारला वीज गेली.
पुन्हा पहिल्यापासून.
दुसऱ्या रात्री सगळ्या खरं बोलल्या
आणि मला राग आला.

तिसऱ्या दिवशी दुपारी
पत्रा तापला, पंखा गरम वारा ढकलत होता,
सहाव्या फेरीत एक लाल ओळ.
एकच.
थंडीत साळसूद असते ती, म्हणजे.

चौघींवर नेलपॉलिशचे ठिपके दिले,
एक, दोन, तीन, चार.
सोनेरी दात खोडरबरानं घासले, कधी कधी तेवढ्यानं भागतं.
नाही भागलं.
मग एकेकीला एकटी बसवली.
तीन ठिपकेवालीनं दुपारी पुन्हा तेच केलं.
तिला पहिलीच्या खाचेत घातलं,
तर चूक तिच्यामागोमाग तिथं गेली.
जागेचा दोष नव्हता.

ईराप्पांनी ती हातात घेतली,
दातांवरून अंगठा फिरवला, ताणा चाचपावा तसा.
‘ह्यातला कुठला धागा?’
म्हटलं, बोटाला नाही लागायचा.
पत्ता कायम एकच, पण त्या घरात
कधी डोळा उतरतो, कधी चोच, कधी पान,
ज्याची पाळी असेल तो.
‘हौदु,’ म्हणाले, आणि खिशात टाकली.

नवीन पट्टीचे पैसे दोन हप्त्यांत दिले.
मोर बघू लागले.

श्रावणात परत आले, पेटीशिवाय.
गडहिंग्लजच्या बाईला तसलीच साडी पाहिजे होती, आंधळ्या मोराची.
तिच्या सुनेनं नेसली, सगळ्यांनी विचारलं.
ती साडी ह्यांनी ऐंशी रुपये सोडून दिली होती, चुकीची म्हणून.
‘ती पट्टी परत बसवायची का?’

म्हटलं, काका, बसवली तरी
डोळाच जाईल ह्याची खात्री कुणी द्यावी.
त्यापेक्षा नातीला सांगा, एक ठिपका पुसेल.

ते दाराशी थांबले बराच वेळ.
‘पुसला तर ती नक्षी झाली,’ म्हणाले,
‘नक्षीचा दर येगळा.’
स्कूटर सुरू करून, मागं न बघता:
‘दोनशे जास्त सांगतो तिला.’