ळ

उम्म अल कुवेनच्या खाडीत पहाटे पाचलाच
चष्म्याला बाहेरून घाम फुटतो.
खल्फान इंजिन बंद करतो, काठी रोवतो,
तिवरांच्या मुळ्यांमधून खेकडे सटकतात.
मी दोन वाव खोल बाटली सोडते,
वर येतं ते पाणी. नुसतं पाणी.

"काय मिळालं?" तो दर वेळी विचारतो.
त्याचा आजा नाकाला शिंगाचा चाप लावून
शिंपल्यांसाठी तळ गाठायचा,
हजार फोडले तर एखादा मोती.
"हिरवं," मी म्हणते.
तो बाटली उजेडाला धरतो,
मग माझ्याकडे बघतो,
मग होडी वळवतो.

प्रयोगशाळेत तीन गाळण्या.
शेवटचीच्या भोकांतून जीवाणूसुद्धा अंग चोरून जातात.
कागदावर उरते ती छटा,
नव्या खणाचा रंग पहिल्या धुण्यात सुटावा, तेवढीच.
तिच्यावर निळा उजेड सोडला
की हिरवं लाल पेटतं:
एक ठिपका, गोल.
दुसरा, गोल.
ना शेपूट, ना खवला, ना काटा.
माझ्याआधीच्या अँसेल्मने वहीत लिहून ठेवलंय,
"लहान हिरवे गोळे. असंख्य."
पाच वर्षं, रोज, त्याच शाईत.

त्याला तरी काय दोष द्यायचा?
माझ्या ओळखपत्रावर तळाशीलकर नाही,
तलाशिलकर आहे.
खिडकीमागचा लाहोरचा माणूस खूश झाला होता:
"तलाश! म्हणजे शोधच की, बाई."
मी दुरुस्त केलं नाही.
रांग मोठी होती, आणि तो हसत होता.

पण घरी कुणाला सांगू नका,
ळ गेला की कानाची पाळ भिंतीवर सरपटते,
वेळ मांडवावर चढते.
जिभेची एक घडी, बस, एवढाच फरक.

मार्चमध्ये यंत्रातून अक्षरं आली.
चारच अक्षरं, उलटसुलट, सतराशे लांब,
एकाखाली एक ओळी लावून
मी बोट फिरवत बसले,
तांदूळ निवडावेत तशी.
इथे एक खडा. इथे दोन.
चारशे बाराव्या जागी
सगळ्यांची जीभ सरळ, एकाची वळलेली.
संध्याकाळपर्यंत एका गोळ्याचे सात झाले.
सातांतले दोन कुठल्याच यादीत नव्हते.

मी ओरडले वगैरे नाही.
चहा केला, तो निवला.

खल्फानला सांगितलं तेव्हा तो जाळं झटकत होता.
"त्याच पाण्यात? माझ्याच होडीखाली?"
मग म्हणाला, तुमच्या भाषेत काय म्हणता त्याला?
शेवाळ.
शेवाल. शेवार. शेवाद...
चौथ्यांदा तो पाण्यात थुंकला आणि हसला.

अँसेल्मची ओळ मी खोडली नाही.
दोन कुप्या उणे ऐंशीच्या कपाटात ठेवल्या
(बाहेर तेव्हा शेहेचाळीस होतं),
नावं ठरेपर्यंत चिठ्ठ्यांवर लिहिलं
ळ-एक, ळ-दोन.

रोवेनाने दार लावता लावता विचारलं,
"हे काय? आठ आडवा पडलाय?"
"नाही," म्हटलं, "अक्षर आहे."