डावा कंस

सदलगेबाईंकडून प्रूफ परत आलं.
तेहतिसाव्या पानावर लाल पेनानं एवढंच:
"दिलशाद, हा कंस माझा नाही."

मी आव्यूह पुन्हा पाहिला.
तीन ओळी, तीन स्तंभ,
नऊ आकडे आपापल्या जागी,
उणे चिन्हं आकड्यांना चिकटून.
दोन्हीकडं चौकटी कंस, ताठ,
यंत्रानं उंची मोजून आपोआप ओढलेले.
चूक काही सापडेना.

दुसऱ्या दिवशी बाई स्वतःच आल्या,
रिक्षानं, खणभागातल्या आमच्या दुकानात.
पिशवीतून एक पातळ पुस्तक काढलं,
हरिपूरच्या पेवातून उपसल्यासारखं पिवळं.
"हा बघ."

कंस वरून जरासा आत वळलेला,
खाली टाच टेकून उभा,
मधे बाक, अगदी थोडा,
मार्केट यार्डात पोतं खांद्यावर घेताना
हमाल वाकतो तेवढा.

नेमगोंडा मगदूम खिळे जुळवायचे.
फाउंड्रीतून कंस यायचे ते दोन ओळींच्या मापाचे,
बाईंचे आव्यूह चार ओळींचे, पाच ओळींचे.
मग पितळी पट्टी, कानस, आणि रात्रपाळी.
डोक्याचा तुकडा वेगळा, टाचेचा वेगळा,
मधे सरळ कांड्या, लागतील तितक्या,
ऊस वाढतो तसा पेरापेरानं.
फर्मा आवळताना एखादी कांडी हलली
की कागदावर केसाएवढी फट.
बाईंना तीही पाठ आहे:
"पान एकोणीस. उजवीकडं. मधोमध."

वर्गात बाई म्हणायच्या, कंस सोडवा.
नेमगोंडा म्हणायचे,
सोडवतील हो पोरं, आधी कुणी बांधायला नको?

मग पूर आला.
आयर्विन पुलाखालचं पाणी फूट-फूट चढत होतं,
खिळ्यांच्या केसेस माळ्यावर गेल्या,
कंसांचा खण तेवढा खाली राहिला.
पाणी ओसरल्यावर नेमगोंडा चाळणी घेऊन
गाळात बसले, आणि म्हणे हसून म्हणाले,
"कृष्णेनं कंसाला मारलं. हे ठरलेलंच होतं."
नंतर ते हसले की नाही, ठाऊक नाही.
मी तेव्हा मिरजेला, अकरावीत.

सापडला तो एकच.
बाईंनी रुमाल उलगडून काउंटरवर ठेवला.
काळपट, बोटाएवढा, हातात घेतला तर जड.
मी म्हटलं, "हा उजवा."
"धातूत उलटं असतं गं. कागदावर डावा.
याचा जोडीदार तू कर."

स्कॅन केला. मोठा केला, आणखी मोठा,
पडद्यावर कानशीचे ओरखडे दिसेपर्यंत.
कडेकडेनं बिंदू ठेवत गेले.
डोकं हे, टाच ही, मधली कांडी ही:
ओळ वाढली की हिला पुन्हा लाव,
असं यंत्राला त्याच्या भाषेत सांगितलं.
मग आरशासारखा उलटवून उजवा केला.

बाई म्हणाल्या, नको.
पुस्तक उघडून बोट ठेवलं:
त्यांचा उजवा थोडा आखूड टाचेचा,
थकल्यावर घासलेला असावा.
दोन दिवस गेले त्या टाचेत.

आता पाच ओळी घाला, सात घाला,
कंस वाढतो, बाक तेवढाच राहतो.
फाइलला नाव द्यावं लागतं.
मगदूम-डावा, मगदूम-उजवा, असं दिलं.

आणि कुणाला न विचारता
पान एकोणीसवर, उजवीकडं, मधोमध,
मी केसाएवढी फट ठेवली.

प्रूफ परत आलं. लाल पेन:
"फट बुजव.
त्या फटीपायी ते आठवडाभर जेवले नव्हते."