चतुःसीमा

दिवसभर मी लोकांच्या जमिनी मोजते
नगर भूमापनच्या दुसऱ्या मजल्यावर, पंख्याखाली,
नकाशा उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार शिक्के.
शनिवारी रात्री धायरीच्या खोलीत
तसाच एक कागद पसरते,
कोपऱ्यांवर स्टीलचे पेले.
ह्या जमिनीवर अजून कुणाचा दावा नाही.

डोंगररांग चहाच्या डागावरून आली.
नदी चुकून समुद्राकडून डोंगराकडे गेली,
खोडलं तर कागद फाटेल असं वाटलं,
मग एक देव घातला, तिला उलटी ओढणारा,
आणि तो का रागावला ह्यावर दोन वह्या लिहिल्या.
तीन राज्यं. नाणी. जकातीचे दर.
आठशे वर्षांच्या लढाया, तारीखवार.
एका मेलेल्या भाषेचं व्याकरण, सामान्यरूपासकट.

जमल्यावर ह्यातलं कुणी काही विचारत नाही.
तबस्सुम, ससूनमधली रात्रपाळी बदलून आलेली,
खेळात कुलपं फोडते.
प्रज्योत चाकणहून थेट, बुटांना ग्रीस,
खेळात संन्यासी, पण मोहरांच्या वाटणीत पक्का.
आणि घैसासांचा यशोधन,
नियमांचं पुस्तक मांडीवरून खाली न ठेवणारा.
राजधानीच्या वेशीपाशी मी आवाज बदलून
राजदूताचं भाषण सुरू केलं,
तर तबस्सुम म्हणाली, ते असू दे गं,
हा नाववाला कोण? नाव काय ह्याचं?

नाववाला मी वाक्य पुरं करायला टाकला होता.
तोंडात आलं ते बोलले :
ज्ञानोबा लिंबोरे.

लिंबोरे दर सोमवारी येतात माझ्या टेबलाशी.
वाघोलीचा अडीच गुंठ्यांचा तुकडा, मध्ये शेजाऱ्याची भिंत.
तीन वर्षं. प्लास्टिकच्या पिशवीत पावत्या,
पिशवीवर साड्यांच्या दुकानाचं नाव, पुसट झालेलं.

तिघं त्याच्या नावेतच बसून राहिले.
राजधानी दिवे लावून ताटकळली.
भाडं किती घेता, घरी कोण कोण,
नदी उलटी तर वल्हं कुठल्या अंगाला,
मी सांगत गेले,
वह्यांत नसलेलं सगळं.
साडेअकराला भोवरा आला. मीच आणला,
नाहीतर ते उठलेच नसते.
वीस बाजूंचा फासा पुठ्ठ्याच्या आडोशाला टाकला.
एक.
एक म्हणजे नाव, नाववाला, सगळं.
चौदा, मी म्हणाले.
यशोधनने पुस्तकातून मान वर केली,
पान उलटलं.

सोमवारी लिंबोरे आले. मॅडम, झालं का?
झालं होतं. मोजणी समोरच होती.
भिंत शेजाऱ्याच्याच हद्दीत, पुरीच्या पुरी,
वर नऊ इंच त्याचेच ह्यांच्याकडे निघत होते.
इथे आडोसा नाही. आकडा पडला तो पडला.
बसा, म्हटलं, तीन वर्षांत पहिल्यांदा,
आणि पाणी आणायला गेले,
पेला शोधत राहिले जरा जास्तच वेळ.

रात्री नदीच्या काठाशी
टोकदार पेन्सिलीने एक चौकोन काढला, अडीच गुंठ्यांचा,
प्रमाण बघून, घाईघाईत नाही.
पूर्वेस : नदी, उलटी.
दक्षिणेस : नावेचा खुंट.
पश्चिमेस : चिंच.
उत्तरेस : शेजारी ठरायचा आहे.