आठवा कार्बन

कॅन्टीनच्या चहात असतं तेच,
पण बाटलीतलं, पांढरं, सुयांसारखं.
लेबलावर लिहिलेलं: गिळल्यास अपायकारक.
ते वाचून बैजू चहावाला
दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता.

कॅफीनच्या सांगाड्यात दोन नायट्रोजनांच्या मधे
एक कार्बन बसतो, मोजणीत आठवा.
नवव्या जागी मिथिल चढवलं
की त्याचा एकुलता हायड्रोजन सैल होतो,
म्हाताऱ्याच्या दातासारखा.
तो काढला की उरतं कार्बीन:
चारऐवजी दोनच हात गुंतलेले
आणि ओंजळीत दोन इलेक्ट्रॉन,
कुणाला द्यावेत या काळजीत.

धातूला.

आधी चांदी. काळ्या ऑक्साइडची पूड,
फ्लास्कला फॉइल गुंडाळलेलं, दिवा मालवलेला.
कालिन्याच्या छतावरून विमानं उतरतात, काच थरथरते,
चुंबकाची कांडी अंधारात फिरत राहते.
सकाळी सोनं घालते.
चांदी क्लोराइड घेऊन तळाशी बसते, विरजल्यासारखी,
सोनं कार्बीनपाशी राहतं.
इतक्या निमूटपणे जागा सोडताना
मी माणसांना पाहिलेलं नाही.

अण्णा झारेकरी होते.
झवेरी बाजारात पेढ्यांपुढची धूळ विकत घ्यायचे,
धुवायचे, पाऱ्यात घोळायचे, तेजाबात उकळायचे.
आठवड्याला गुंजभर निघायचं.
छातीत जायची ती धूळ मात्र फुकट.
रात्री उशाशी तांब्या आणि थिओफिलिनची गोळी.
कागदावर काढली तर कॅफीनची सख्खी बहीण,
एका मिथिलने उणी.
हे त्यांना सांगायला मला रसायन शिकावं लागलं,
आणि तोवर ते थांबले नाहीत.

परळहून नफिसाचा फोन:
तुझ्या सोन्याने तिसऱ्या तबकडीतल्या
निम्म्या गाठीच्या पेशी मेल्या.
निरोगी किती, ते शुक्रवारी सांगते.
शुक्रवारी कळलं: त्याही, जवळजवळ तेवढ्याच.
वहीत लिहिलं. खोडलं नाही.

त्याच पानावर, आलेखाच्या उंच रेषेशेजारी,
लिमयेसरांची लाल शाई: आठवा.
क्रमांक घालायचा राहिला, एवढंच म्हणायचंय त्यांना.
मी ते दोनदा वाचलं.

पॅलेडियमवालं भावंड कामाचं निघालं.
पाण्यातसुद्धा दोन अनोळखी रेणूंची गाठ घालून देतं
आणि जेवायला न थांबता
पुढच्या लग्नाला निघतं.
शेकडो लग्नांनंतर थकतं, काळं पडतं.
त्या चिखलातून धातू परत काढायचा कसा,
सर म्हणाले, शोधनिबंध बघावे लागतील.
मी बघितले नाहीत.
राख. तेजाब. धीर.

आता ओटा पुसला तरी
ती धूळ मी कचऱ्यात टाकत नाही.
तंबाखूची एक जुनी डबी आहे,
झाकण घट्ट बसत नाही तिचं.