रंगून स्पोर्टिंग, कॅम्प, बेळगाव

स्मरणिकेसाठी क्लबचा इतिहास लिही म्हणाले,
सेक्रेटरी तूच की, रजिस्टरही तुझ्याच कपाटात.
बसलोय. चहा दोनदा गार झाला.

सुरुवात बेळगावात नाही, हे आधी सांगतो.
सुरुवात रंगूनच्या गोदीत,
जिथं लुमाण्णा किणयेकर दिवसा तांदळाची पोती मोजायचा
आणि संध्याकाळी आलोन डॉक संघाचा गोल राखायचा.
पाच फूट चार इंच. तरी राखायचा.
डावीकडून को बा सेन सुटायचा, लुंगी खोचून, अनवाणी.
मधे मुथय्या. मागं दोघे गुरखे भाऊ,
ज्यांची नावं लुमाण्णा नेहमी उलटी सांगायचा.

बाँब पडले तेव्हा एक-एक बरोबरी होती.
उरलेली वीस मिनिटं अजून खेळायची आहेत.

तो चालत आला.
किती दिवस, विचारलं की बोटं मोजायचा
आणि करंगळीपाशी थांबायचा.
चेंडूतलं ब्लॅडर काढून त्यात तांदूळ भरले होते,
शिवण उसवून रोज मूठभर.
को बा सेन नदीपर्यंत पोचवायला आला, परत फिरला.
मुथय्या तमूच्या अलीकडं चिखलात टेकला, तो टेकलाच.
भावांचं काय झालं, ते कुणी सांगितलं नाही.
बेळगाव स्टेशनावर उतरला तेव्हा
चेंडू रिकामा होता आणि हा त्याहून.

सेहेचाळीसला क्लब काढला.
छातीवर तिकडच्या देवळाच्या दारातला सिंह हवा होता.
माजिद किल्लेदार टेलरनं ऐकला सिंह, शिवला कुत्रा.
बाकीची जर्सी कापून झाली होती.
तेव्हापासून अनगोळची पोरं आम्हाला बघून भुंकतात.
छप्पन्नला हुबळीच्या रेल्वेवाल्यांना हरवलं, तीन-दोन,
तेव्हा आम्हीच भुंकलो, धर्मवीरच्या चौकापर्यंत.
त्याच वर्षी गाव एका राज्यातून दुसऱ्यात गेलं.
गोलपोस्ट जागच्या जागी.

आता पाटीचं.
लुमाण्णानं क्लबचं नाव लिहिलं होतं ब्रह्मी अक्षरांत,
एकाला एक चिकटलेली, जोंधळ्याच्या लाह्यांसारखी.
आंदोलनात आपलीच पोरं आली, म्हणाली कानडी आहे,
डांबर फासलं.
महिन्याभरानं दुसरी पोरं आली,
डांबर खरवडून वाचायला बघितलं,
म्हणाली हे कानडी नव्हे, मराठीच असणार,
आणि पुन्हा फासलं.
म्हातारा ओट्यावर बसून तंबाखू मळत होता.
"आरं, दोन्ही न्हवं ते," म्हणाला.
"गोल हाईत. बारा गोल. मोजा की."

पाटी क्लबच्या खोलीत आहे. उन्हात धरली तर दिसतं.

परवा माझ्या नातवानं मोबाइलवर आलोन डॉक शोधून काढला.
आता व्यावसायिक क्लब आहे तो.
नावापुढं सिमेंट कंपनी, परदेशी कोच, पगारी खेळाडू,
मधे दोन मोसम लीगच बंद होती म्हणे,
मैदानात रणगाडे उभे होते.
त्यांच्या इतिहासाच्या पानावर बेचाळीस साल नाही.
एकेचाळीस, मग एकदम अठ्ठेचाळीस.
नातू म्हणाला, आज्जा, तुझ्याकडं आहे की मधलं,
पाठव.
कोणत्या भाषेत पाठवू, सांग बघू.

लुमाण्णाच्या हाताचं पहिलं पान असं आहे:
संघ अकरा. हजर सात. यायचे चार.
खाली चौघांची नावं, भावांची उलटी.
दरवर्षी नवं पान काढताना त्यानं ती चार उतरवली,
त्याच्यानंतर माझ्या बापानं, आता मी.
यंदा असोसिएशननं फॉर्म ऑनलाइन केलाय.
आधार क्रमांकाशिवाय खेळाडू पुढं सरकत नाही.
चौकट लाल होते.

मी सात भरले, चार नवी पोरं घातली, पाठवून दिला.
मग रजिस्टर काढलं.
पेन्सिलीला टोक करतोय.